पहिल्या जागेवरची मेंढी

"मेंढी पहिली?"

नितीन सरांनी एवढंच विचारलं. ते आमच्या टीमचे प्रमुख. प्रोजेक्टरनं भिंतीवर माझी फाइल पडली होती, मोठाल्या अक्षरात. मेंढी, शेळी, गाय, बैल, म्हैस. खोलीत आठ-नऊ जण. सर खुर्चीत मागं रेलले आन् म्हणले, "गाय सोडून मेंढी कोण पहिली लिहितं? ऑफिसात पण मेंढरंच हाकायची का?"

मागून कुणीतरी बेंऽऽ केलं. सगळे खदाखदा हसले. एसी चालू होता तरी माझे कान तापले. मी उभी होते. मला एक गोष्ट सांगायची होती, कामाची. अगदी जिभेवर आलेली. आन् मी काय केलं? मीबी हसले. त्यांच्यासंगं हसले आन् खाली बसले.

त्या हसण्याची मला आजबी शिसारी येते.

करमाडच्या पलीकडं आमची वस्ती. धनगराची पोर मी. आमच्यात कॉलेजात गेलेली पहिली. शहरात, मुकुंदवाडीत, दोन पोरींसंगं खोली करून राहायचे आन् चिकलठाण्याला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत जायचे. कॉम्प्युटरचा कोर्स सगळ्यांनी केलेला तोच मीबी केला होता. पण मला काम दिलं मराठीच्या फाइलीचं. माझ्या टेबलाजवळून जाताना लोक नावानं हाक मारत नव्हते. "ए मराठीवाली" म्हणायचे. त्या दिवसानंतर नुसतं बेंऽऽ म्हणाय लागले.

काम काय होतं ते सांगते, म्हंजे पुढचं कळंल. सलग दुसरं साल दुष्काळाचं. एक संस्था जनावरांना चारा-पाणी देणार होती. त्यासाठी पशुपालकांनी मोबाइलवरून अर्ज भरायचा. इंग्रजी, हिंदी, मराठी, तीन भाषांत. आता अशा वेबसाइटच्या पानावर जे शब्द दिसतेत ते त्या पानात लिहिलेलेच नसतेत. पानावर नुसत्या रिकाम्या जागा. शब्द ऱ्हातेत वेगळ्या फाइलीत, एक्सएमएल फाइल म्हणतेत तिला. प्रत्येक भाषेची एक. माणसानं 'मराठी' बटन दाबलं की पान मराठीच्या फाइलीतून शब्द उचलतं आन् ज्या त्या जागेवर बसवतं. मग कोणता शब्द कुठं बसवायचा हे पानाला कळणार कसं? त्यासाठी प्रत्येक शब्दाला एक खूण लावायची. गायीला गायीची, मेंढीला मेंढीची. तिन्ही फाइलीत तीच खूण.

हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. दुष्काळात चार-पाच घरांची मेंढरं एकाच वाघुरीत, जाळीच्या कुंपणात, बसवतेत. सकाळी सोडताना नुसता कालवा. पण बाप पाठीवरचा रंग बघतो आन् आपलं जनावर बाजूला घेतो. आमची खूण निळी, मानेजवळ. कळपात कोण पुढं, कोण मागं, ह्यावरून मेंढरू कुणी ओळखत नाही. मेंढरू काय रांगेत ऱ्हातंय व्हय?

म्हणून माझ्या फाइलीत प्रत्येक शब्दाला खूण होती. क्रम आमच्या घरचा होता. आमच्यात जित्राबं मोजायची तर मेंढरापासूनच. इंग्रजीच्या यादीत गाय पहिली होती. त्यानं काही बिघडत नव्हतं, खूण होती ना.

पण संस्थेला पान लवकर दाखवायचं होतं आन् सरांना घाई. त्यांनी माझ्या फाइलीतल्या सगळ्या खुणा काढल्या. म्हणले, एवढं लफडं कशाला, नंबरानं जोडू. पहिल्या जागेवर पहिला शब्द, दुसऱ्यावर दुसरा. मी उभी राहिले होते ती हेच सांगायला, की सर, दोन्ही याद्यांचा क्रम वेगळा हाय. तोवर त्यांचीच नजर यादीवर गेली. त्यांना मेंढी दिसली. चूक दिसली नाही.

आन् मी हसून खाली बसले. नंतर सांगू म्हणलं. नंतर सांगायची हिंमत झाली नाही, कारण तोंड उघडलं की बेंऽऽ. त्यांच्या ध्यानात येईल, तपासतील, आपल्याला काय करायचंय, असंच मनाला सांगत राहिले. पान चालू झालं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं चरायला काही उरलं नव्हतं. जालना रोडच्या दोन्ही अंगाला पहिलं मोकळं रान होतं. तिथं आता कंपन्यांच्या भिंती, प्लॉटिंगचे पांढरे दगड, गेटावर वॉचमन. बाप मेंढरं घेऊन निघाला की हा गेटवाला हाकलतो, तो गेटवाला हाकलतो. बाभळीच्या शेंगा पाडून किती दिवस काढायचे? आई टँकरच्या पाण्यातलं अर्धं कोकरांना पाजायची. म्हणून त्या अर्जावर आमचा लई भरवसा होता. रविवारी घरी गेले तवा मीच माझ्या मोबाइलवर बापाचा अर्ज भरला. मराठी बटन दाबलं. माझेच शब्द समोर आले, मेंढीच्या जागी मेंढीच दिसली, म्हणून सरांनी ते नीट केलं असंल असं धरून चालले. बापाला वाचून दाखवलं, "मेंढी, साठ." बाप अंगठ्यानं ती काच हळूच पुसत होता. म्हणला, "हे तू लिवलंय?" मी व्हय म्हणलं. आईला हाक मारून त्यानं तिलाबी दाखवलं.

वस्तीवरच्या सात घरांचे अर्ज मीच भरले.

दोन आठवड्यांनी संस्थेचा माणूस मोटारसायकलवर तपासणीला आला. रविवारच होता, मी घरी होते. त्याच्या हातात छापील कागद, इंग्रजीतला. वाघुरीकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं. आमच्याकडं गोठा म्हंजे एक शेरडू बांधायची जागा.

"साठ गायी कुठं हायेत?"

बाप म्हणला, "गायी नायत साहेब, मेंढरं हायत."

"कागदावर गायी हायेत. मोठ्या जनावराचा चारा जास्त मिळतो, म्हणून लिहिलं ना? खोटं लिहायला लाज नाही वाटत?"

बापानं हात जोडले. ते जोडलेले हात मी बघितले. मी पुढं होऊन कागद मागितला. 'काऊ, सिक्स्टी.' मराठीत पहिल्या जागेवर मेंढी, इंग्रजीत पहिल्या जागेवर गाय. पानानं नुसता 'एक नंबर' लिहून घेतला. मराठीत वाचलं तर मेंढी, इंग्रजीत वाचलं तर गाय. मी त्या माणसाला सांगायला लागले, फाइल, क्रम, नंबर. तो म्हणला, "बाई, मला कागद कळतो." कागदावर काट मारून निघून गेला.

सातही घरी हेच झालं.

सोमवारी मी सरांना एकटं गाठून सगळं सांगितलं. ते स्क्रीनकडं बघत ऐकत होते. म्हणले, बघतो. दुपारपर्यंत त्यांनी गुपचूप क्रम सरळ केला. मला वाटलं, सुटलो आपण. पण नवे अर्ज सरळ झाले, जुने तसेच राहिले. त्याबद्दल ते कुणाला एक शब्द बोलले नाहीत. आठ दिवसांत गावात चावडीच्या भिंतीवर संस्थेची यादी लागली, खोटी माहिती देणाऱ्यांची. पहिलं नाव माझ्या बापाचं.

गावातले लोक चेष्टा करायचे. "काय गड्या, साठ गायींचं दूध कुठं घालतूस?" बाप चावडीवरून जायचा बंद झाला. लांबून, ओढ्याच्या अंगानं जायचा. मला एकदाच विचारलं त्यानं.

"पोरी, तूच भरला व्हता ना?"

एवढंच. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. मी खरं काय ते सांगितलं, त्याला कळलंबी असंल, पण त्यानं मान फिरवली आन् मेंढरांकडं बघत बसला. चारा आला नाही. चाळीस मेंढरं खाटकाच्या टेम्पोत गेली. चढवताना प्रत्येकाच्या मानेजवळचा निळा रंग बापानं हातानं चोळला. आई आत बसून होती, बाहेर आली नाही.

मग एक दिवस सरांनी मला त्याच खोलीत बोलावलं. संस्थेच्या एक मॅडम आल्या होत्या, टीमबी बसलेली. अर्ज रद्द झालेले लोक फोन करून भांडत होते म्हणं. सर म्हणले, "मराठीच्या फाइलीत एक सूचना टाक. पहिल्या पानावर दिसली पाहिजे. लिही, काही पशुपालकांनी जाणूनबुजून चुकीची माहिती भरल्याने त्यांचे अर्ज रद्द करण्यात आले आहेत."

माझी बोटं कीबोर्डवर होती. दोन-तीन शब्द मी लिहिलेबी. खोटं कशाला बोलू, लिहिले. पशुपालकांनी जाणूनबुजून. आन् तिथं हात थांबला. माझ्या बापाला मी स्वतः, माझ्या भाषेत, माझ्या हातानं खोटारडा लिहीत होते. इंग्रजीच्या कागदावर तो खोटा ठरला तो माझ्या नकळत. इथं मी ठरवणार होते.

"हे मी लिहिणार नाय."

सर म्हणले, "काय?"

"चूक त्यांची नाय सर. चूक आपली हाय. मराठीत मेंढी पहिली होती..."

मेंढी म्हणलं आन् मागून आलंच ते. बेंऽऽ. दोघं-तिघं हसले. मी थांबले. ह्या खेपेला हसले नाही. त्यांचं हसू संपेपर्यंत उभी राहिले. लई वेळ लागला असं वाटलं, खरं तर चार श्वास असतील. मग तेच वाक्य पहिल्यापासून बोलले. जुनी फाइल माझ्याकडं होती. ती भिंतीवर एका बाजूला लावली, इंग्रजीची दुसऱ्या बाजूला. बोट ठेवून दाखवलं, हा एक नंबर, हा एक नंबर. म्हणलं, खुणा कुणी काढल्या ते सरांना विचारा. मी हे ह्याच खोलीत सांगणार होते, मला हसून बसवलं, आन् मी बसले, तेवढा माझा गुन्हा. बाकीचा ज्याचा त्यानं घ्यावा.

मॅडमनी दोन्ही याद्या दोनदा वाचल्या. वही मिटली. सरांकडं बघून म्हणल्या, "आपण हे नंतर बोलू."

नंतर माझ्यासमोर कुणीच बोललं नाही. महिना संपायच्या आत सरांनी मला सांगितलं, मराठीचं काम संपलं, उद्यापासून येऊ नकोस. सात घरांच्या नोंदी कधीतरी दुरुस्त झाल्या. चाऱ्याची गाडी आली तवा पावसाळा तोंडावर होता आन् आमच्या वाघुरीत वीसच मेंढरं होती. माफी कुणी मागितली नाही. चावडीवरची यादी तशीच.

मी आता दुसऱ्या ठिकाणी काम करते, तेच काम. पण सुट्टीच्या दिवशी संस्थेच्या दारात जाते. माझं मागणं एकच हाय. ज्या भिंतीवर सात नावं खोटी म्हणून लागली, त्याच भिंतीवर दुसरा कागद लागला पाहिजे, मराठीत, की ही माणसं खरं बोलत होती आन् चूक आमची होती. चार अर्ज दिले. चारही वेळा चहा पाजला आन् म्हणले, झालं गेलं सोडा ना ताई.

बापबी म्हणतो, सोड. मेंढरं गेली, नाव घेऊन काय चाटायचंय. त्याचं वय झालंय, त्याला भांडण नको. मी त्याच्यावर ओरडत नाही. त्याला एवढंच म्हणते, आबा, तुम्ही ओढ्याच्या अंगानं जाताय तवर मी सोडणार नाय. पाचवा अर्ज पिशवीत हाय. उद्या देते. आन् ह्या खेपेला चहा पिणार नाय.