भिंगकाकांची उघडी गाडी

चष्म्याच्या दुकानात मी काउंटरवर बसते आणि भिंगकाका मागच्या खोलीत काचा घासतात. त्यांचं खरं नाव पगाराचा दिवस सोडला तर कुणी घेत नाही. पन्नाशी उलटलेला एकटा माणूस. लग्न केलं नाही, अंथरुणाला खिळलेल्या आईचं करण्यात उमेदीची वर्षं गेली. आई गेल्यावर काही महिन्यांनी एका संध्याकाळी ते काउंटरपाशी आले, नवंकोरं लायसन्स माझ्यापुढे ठेवलं आणि चक्क लाजले. लायसन्स मोटरसायकलचं होतं.

या वयात लोक गुडघ्याला पट्टे घेतात, असं मी म्हटलं. तर म्हणाले, घेतलेत की, गाडीवर बसताना घालायचे.

तेव्हापासून त्यांनी माझ्या डोक्याला भुंगा लावला. चहाचा कप हातात आला की गाडी सुरू. फार मोठी नको, नवख्याच्या हातातून सुटेल. फार लहानही नको, वर्षभरात मन भरेल. म्हणून मधली, चारशे सीसीच्या आसपासची. सीट अशी हवी की दोन्ही पाय जमिनीला पुरतील, आणि हँडल असं की पाठीला बाक येणार नाही. आणि मुख्य म्हणजे इंजिनावर प्लास्टिकची झाकणं नकोत. अशा गाडीला गाड्यांच्या मासिकात ‘नेकेड’ म्हणतात. तो शब्द माझ्यासमोर उच्चारायची त्यांना चोरी, म्हणून ते आपले ‘उघडी गाडी’ म्हणायचे. आई असती तर असलं काही दारात उभं राहू दिलं असतं का, असं मी विचारलं की कानापर्यंत लाल व्हायचे.

एकदा मात्र कप खाली ठेवून म्हणाले, “टाकी, इंजिन, चाकं, सगळी गाडी एका नजरेत दिसली पाहिजे गं. पांघरुणाखालचं खूप बघितलं मी.” त्या दिवसापासून आईवरून चिडवणं मी सोडलं.

शेवटी दोन गाड्या उरल्या. एक हलकी, एका सिलिंडरची. दुसरी दोन सिलिंडरची, चालायला मऊ पण वजनदार. चालवून बघायला जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं. मी स्कूटरवर कामाला येते, तेवढ्यावर त्यांच्या लेखी मी जाणकार.

शोरूमच्या मागे मोठं मोकळं आवार होतं. हलक्या गाडीवर काकांनी पहिली फेरी इतकी झोकात मारली की मला उगाच अभिमान वाटला. दुसऱ्या फेरीला डावीकडून एक हमाल टायरची हातगाडी ढकलत येत होता. सावकाश, भर उन्हात, आमच्या डोळ्यांदेखत. सेल्समन ओरडला, मी ओरडले, तरी काका थांबले ते हातगाडीला धडकूनच. गाडी आडवी झाली आणि काका बाजूला पडले. कुणाला लागलं नाही.

“डोळे आहेत का बटणं?” हमाल म्हणाला.

काकांनी त्याची माफी मागितली, गाडी उचलली आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, “हा आला कुठून?”

तो पहिल्यापासून तिथेच होता.

आमच्या तपासणीच्या खोलीत अक्षरांचा एक पिवळा पडलेला तक्ता आहे. मी नोकरीला लागायच्या आधीपासूनचा. तो रोज सकाळी काकाच पुसतात आणि पुसून झाला की एकेक डोळा झाकून स्वतःची नजरही बघतात. लायसन्ससाठी ज्या डॉक्टरांनी त्यांचे डोळे तपासले, त्यांच्या भिंतीवरही आमच्याच दुकानातून नेलेला, अगदी तसाच तक्ता. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले, जुना तक्ता उतरवला आणि वेगळ्या अक्षरांचा नवा लावला. काका आल्या आल्या त्यांना नेहमीच्या खुणेवर उभं केलं. मान वर करायच्या आत उजवा डोळा झाकायला सांगितला आणि म्हटलं, वाचा.

त्यांनी घडाघडा वाचलं. वरपासून शेवटच्या ओळीपर्यंत, न अडखळता. जुना तक्ता.

“शेवटची ओळ जरा धूसर आहे,” म्हणाले, “पण येते.”

मी त्यांना दुसरा डोळा उघडायला सांगितलं. त्यांनी हात खाली घेतला. वरपासून खालपर्यंत नवी अक्षरं बघितली.

“तक्ता कधी बदललास?” त्यांनी विचारलं.

त्यांनी कुणाला फसवलं नव्हतं हो. त्यांना खरंच वाटत होतं की दिसतंय. मला संताप आला तो त्या डॉक्टरांचा, आणि त्याहून जास्त आमचा. येईल त्याची नजर आम्ही फुकट तपासतो, आणि मागच्या खोलीतल्या आमच्या माणसाला कधी कुणी खुर्चीत बसवलं नाही.

मोठ्या दवाखान्यात निदान झालं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचीही नजर कडांकडून आत आत आक्रसत चाललेली, समोरचं तेवढं दिसायचं. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली टिकली तर टिकली, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गाडीचं मी विचारलं. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

जिना उतरताना काका कठडा धरून थांबले. “जन्मभर काच घासली,” म्हणाले, “आणि दुखण्याचं नावही काचेचंच निघालं.” त्यांना हसायचं होतं, पण जमलं नाही. मलाही नाही.

गाडी घेत नाही, असं त्यांनी शोरूमला कळवलं. पण एकदा बघून येऊ म्हणाले, म्हणून मी गेले. तीच हलकी गाडी, निळी, पुढेच उभी होती. काकांनी मान वळवून आधी टाकी बघितली, मग इंजिन, मग मागचं चाक. चाक बघताना टाकी सुटत असावी, कारण ते परत परत मागे यायचे. मग एकेक पाऊल मागे सरकत पार भिंतीला टेकले. तिथूनही मान फिरतच होती.

“तुला दिसते ना गं सगळी?” त्यांनी विचारलं. “एका नजरेत?”

“दिसते काका.”

“मग सांग, कशी दिसते.”

मी पुढच्या चाकापासून सुरुवात केली. टाकी आली, इंजिन आलं, मागचं चाक आलं, आणि मी परत पुढच्या चाकापासून सांगू लागले.