तीन बुश आणि आईंचा झोपाळा

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि, राग मानू नका, वाचून हसते. पिंपळ, पांढरी साडी, पैंजणांचा आवाज... हसू नको तर काय करू? आमचं बौद्ध घर. माझ्या सासूबाईंनी कधी दाराला लिंबू-मिरची बांधली नाही की पोरांची दृष्ट काढली नाही. नर्स म्हणून रिटायर झालेल्या बाई त्या. ताप आला तर थर्मामीटर लावायचा, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान. मी स्वतः मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. तरी आज लिहायला बसलेय. वाचा आणि काही सुचलं तर खरंच सांगा.

आम्ही खारघरला पाचव्या मजल्यावर राहतो. मी, नवरा संदेश, सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) आणि आमची तीन वर्षांची मुलगी मैत्री. मी तळोज्याच्या एका कंपनीत मशीनच्या पार्ट्सची ड्रॉइंग्ज काढते. दिवसभर स्क्रीनवर पार्ट फिरवायचे, प्रत्यक्ष धातूला हात म्हणून लागत नाही. शेवटी हट्टाने टेबलावर मावेल एवढा छोटा लेथ घेतला. लेथ म्हणजे धातूचा तुकडा गरगर फिरवून त्याला कापायचं, आकार द्यायचं मशीन. ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी त्याची जागा. सोसायटीने आवाजावरून कटकट केली म्हणून फक्त रविवारी सकाळी चालवते. कोणी दागिने करतं, कोणी केक करतं, मी पितळेचे भोवरे करते.

आईंना तो लेथ अजिबात आवडायचा नाही. एकदा पितळेचा कीस त्यांच्या तळपायात घुसला आणि तेव्हापासून त्याचं नाव 'तुझं ते घरघरं' पडलं. "सुजाता, तुझं ते घरघरं भंगारवाल्याला दे गो, मी वर चहा पाजीन त्याला," असं येता-जाता ऐकवायच्या. मी पण हसून सोडून द्यायचे.

आईंचं दैवत... म्हणजे असं म्हटलेलं त्यांना चालणार नाही, पण त्यांचा जीव होता हॉलमधल्या झोपाळ्यावर. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ती एकमेव वस्तू. रोज दुपारी जेवण झालं की मैत्रीला मांडीवर घेऊन बसायच्या, पायाने हलकेच झोका द्यायच्या. पोरगी दुसरीकडे कुठेही झोपत नाही. आणि अलीकडे हा झोपाळा जाम कुरकुरायला लागला होता. मैत्रीचा डोळा लागतो न लागतो तोच 'कुर्रर्र'. आई वैतागायच्या.

मला काय, निमित्तच हवं होतं. डाव्या साखळीची वरची कडी एका लोखंडी पिनेवर हलते, लोखंडावर लोखंड घासतं, म्हणून आवाज. मध्ये पितळेचा बुश घातला, म्हणजे पिनेवर चढवायची एक छोटी नळी, की काम फत्ते. "बघा आई, ज्या घरघऱ्याला नावं ठेवता तेच तुमच्या कामाला येणार," मी म्हटलं.

"येऊ दे की. पन दुपारच्या आत झोपाळा लावून दे. पोरीची झोप नको मोडायला."

रविवारी सकाळी झोपाळा उतरवला, पिन काढली, मापली, बुश कापला. लेथपाशीच पिन बुशमध्ये घालून पाहिली. लोण्यासारखी सरकली! मी खूश. हॉलमध्ये गेले, स्टुलावर चढले, पिन बुशमध्ये घालायला गेले... आणि ती जाईना. टोकच आत शिरेना.

गरम असताना मापलं असणार, असं वाटलं. कापताना धातू तापतो आणि फुगतो, गार झाला की आकसतो. नवशिके ही चूक हमखास करतात. परत बाल्कनीत आले, तर पिन आरामात आत. हॉलमध्ये गेले, अडली. मग दुसरा बुश केला, भोक जरा मोठं ठेवून, आणि नळाखाली धरून पूर्ण गार केला. बाल्कनीत ओके. हॉलमध्ये नाही.

एव्हाना संदेश पेपर बाजूला ठेवून उठला होता. "दाखव इकडे, जोर लागत नसेल तुझा." घातली त्याने पिन? नाही घातली. कपाळावर घाम आला, पण जाईना. दोघं बाल्कनीत गेलो. त्याने तीच पिन, तोच बुश घेतला आणि एका बोटाने ढकलला. गेला. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. "तू काहीतरी गंमत करतेयस ना?" त्याने विचारलं. मी कशाची गंमत करते!

तिसरा बुश मी रागाने केला. भोक एवढं सैल की पिन आत खुळखुळ्यासारखी वाजत होती. असा बुश कुठल्याही वर्कशॉपमध्ये भंगारात टाकतील. तो घेऊन झोपाळ्याच्या जागी स्टुलावर उभी राहिले आणि — शपथेवर सांगते — पिन आत गेली नाही. मघाशी वाजत होती ती! अंगावर काटा येतो म्हणजे नक्की काय होतं ते मला त्या दिवशी कळलं, भर दुपारी, शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाज कानावर येत असताना.

जेवणं झाली होती. मैत्री डोळे चोळत रडायला लागली होती. मी म्हटलं, "आई, राहू दे. जुनी पिन तशीच टाकते. कुरकुरला तर कुरकुरू दे आजचा दिवस." मी पिन कडीत घालायला हात वर केला.

"थांब," आई म्हणाल्या. त्या इतका वेळ खुर्चीत बसून आमचा तमाशा बघत होत्या. "तीनदा गोळी बदललीस. पेशंट तपासलास का?"

"म्हणजे?"

"औषध लागू नाय पडलं की आमी पेशंट परत तपासायचो, डोक्यापासून. तू नुसती पिन बघतेस. ती टांगली कशाला हाय ते बघ की."

पिन ज्याला टांगली होती त्या हुकाचं छताकडचं टोक पीओपीच्या वाटीआड झाकलेलं. फॉल्स सीलिंग केलं तेव्हा शोभेसाठी ती वाटी बसवली होती, त्यानंतर कोणी उघडली नव्हती. मी स्क्रू काढले, वाटी खाली घेतली. तांबूस भुगा डोळ्यांत आला. मोबाईलचा टॉर्च मारला.

हुक उरलाच नव्हता हो. वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं पाणी स्लॅबमधून झिरपून अंगठ्याएवढा जाड हुक आतून खाऊन गेलं होतं. राहिली होती काडेपेटीच्या काडीएवढी तार. मी स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला आणि अख्खा हुक सटकन फरशीवर पडला. बरोबर आई बसतात त्या जागी.

आईंनी मैत्रीला उचललं आणि घट्ट धरून ठेवलं, इतकं की ती "आजी, दुखतंय" म्हणाली. मी स्टुलावरून उतरून सरळ बेसिनपाशी गेले आणि ढसाढसा रडले. आधी भीतीने रडले, पण नंतर नुसतं सुटल्यासारखं वाटत होतं. पोरगी समोर होती, आई समोर होत्या, हुक जमिनीवर होता. मला आणखी काही नको होतं.

डोकं शांत झाल्यावर संध्याकाळी, त्याच हॉलमध्ये, त्याच स्टुलावर चढून मी पुन्हा पिन घातली. तिन्ही बुशमध्ये गेली. तिसरा तर इतका सैल की पिनेवरून घरंगळून सोफ्याखाली गेला.

उजवा हुकही गंजायला लागला होता. नंतर दोन्हीकडे स्लॅबला प्लेट ठोकून नवे हुक लावून घेतले, वरच्यांकडून गळती बंद करून घेतली. झोपाळ्याला बुश बसवला तो पहिलाच, जो आधी जात नव्हता. अगदी फिट बसलाय. आवाज नाही.

पावणे एमआयडीसीत एका मित्राचं वर्कशॉप आहे, झोपाळा पुन्हा टांगायच्या आधी त्याला पिन आणि तिन्ही बुश नेऊन दाखवले होते. त्याने मापं घेतली, सगळी बरोबर निघाली. "कडेला बारीक कंगोरा राहिला असेल," तो म्हणाला. मग बाल्कनीत कसा गेला, विचारल्यावर त्याने सगळी मापं पुन्हा घेतली. शेजारच्या काकूंनी सुचवलं, मशीनपुढे नारळ फोडा. आई म्हणाल्या, "आना नारळ. चटणीला होईल."

मी आईंना एकदा सरळच विचारलं, तुम्हाला काय वाटतं? "कारण असनार. आपल्याला सापडलं नाय म्हनून भुताला द्यायचं नाय," त्या म्हणाल्या आणि मैत्रीला झोका देत राहिल्या. मलाही तसंच वाटतं. पण ते कारण मला अजून सापडलेलं नाही, आणि आता ते शोधायची घाईही राहिलेली नाही.

एक सांगायचं राहिलं. परवा मी लवकर उठले, तर आई ड्राय बाल्कनीत उभ्या होत्या. स्वतःच्या मऊ, जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन लेथ पुसत होत्या. अगदी हलक्या हाताने, तान्ह्या बाळाचं अंग पुसावं तसं. मला बघून दचकल्या.

"पूजा नाय हां करत," त्या घाईघाईने म्हणाल्या. "धूळ बसते."