नीट शिवलेलं भूत

पडद्यावर बाईनं किंकाळी फोडली. तिच्या मागच्या मखमली पडद्याआडून, हिरव्या उजेडात, एक काळा हातमोजा हळूहळू बाहेर आला. सोलापूरच्या त्या थेटरातले गिरणीकामगार शिट्ट्या मारायचे विसरले, मी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि शेजारी बसलेले चाँदसाब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, बाही बघा."

मी डोळे मिटले होते, त्यामुळं बाही बघायचा प्रश्नच नव्हता. तरी मी "बघितली" म्हणालो.

"खांद्याला एक चुणी न्हाय. हात वर गेला, सुरा मारला, हात खाली आला. चुणी न्हाय! ह्याला म्हणायचं कटाई."

चाँदसाब नळदुर्गचे शिंपी. किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं, म्हणजे एक मशीन, एक फळी आणि कोळशाची इस्त्री. वय साठीच्या आसपास, अंगानं किडकिडीत, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. मी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. मला इंग्रजी येतं असा गावाचा समज होता आणि तो मोडायचं मला काही कारण नव्हतं. त्याच समजापायी चाँदसाब मला दर दोन-तीन रविवारी पहाटेच्या एस.टी.नं सोलापूरला नेत. तिथं एका थेटरात रविवारी सकाळी इंग्रजी चित्रपटांचा खेळ लागे. बाहेरच्या पाट्या वाचून तो चित्रपट "त्यातला" आहे की नाही, हे सांगणं माझं काम.

"त्यातला" म्हणजे इटलीतला, भुताखेतांचा आणि खुनाखुनीचा. चाँदसाब सुया-दोरे घ्यायला सोलापूरला गेले असताना, उन्हाला टाळायचं म्हणून एकदा आत जाऊन बसले आणि कायमचे अडकले. हे चित्रपट इटलीतले, पण बोलणं इंग्रजी, वरून चिकटवलेलं. ओठ एकीकडं, शब्द दुसरीकडं. मला काही समजलं नाही की मी त्या ओठांना दोष देत असे. परतीच्या एस.टी.त सहप्रवासी गोष्ट विचारत, तेव्हा मी माझ्या पदरची सांगायचो. वाडा, म्हातारी जमीनदारीण, चार वारस, एकेकाचा मुडदा. इटलीतही भाऊबंदकी असते ही बातमी आमच्या भागात मीच आणली.

चाँदसाबना गोष्टीत काडीचा रस नव्हता. "खून कुणी केला ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणत. "खून करायला निघताना त्यानं दस्ती घडी करून वरच्या खिशात ठेवली, ते बघितलं का? चार टोकं वर. खुनाला निघालाय, पण टोकं चारच्या चार."

मी एकदा त्यांना विचारलं, "चाचा, तुम्हाला भीती वाटत नाही?"

"कशाची? भूत नीट शिवलेलं असलं तर बघायचं. फाटकं असलं तर भ्यायचं." मग म्हणाले, "आपली हडळ बघा. जल्मभर एकच लुगडं, ते बी पांढरं, ते बी चुरगळलेलं. कोण भिईल? मला भेटली तर म्या म्हणंन, बाई, आण हिकडं, इस्त्री मारून देतो. आन ती बाई बघा, इटलीची. मरून शंभर वर्षं झाली, कबरीतनं उठून आली, आन घागऱ्याच्या चुण्या जशाच्या तशा. कापड काय असंल ते!"

त्या चित्रपटांत दिवाणखान्यात मधूनच जांभळा उजेड पडे, जिन्यावर तांबडा. दिवा कुठंच नसे. हा उजेड येतो कुठून, या विचारानं माझं डोकं फिरायचं. चाँदसाबना हा प्रश्न कधी पडला नाही. "जांभळ्या मखमलीवर पिवळा उजेड पडला की तिचं मातेरं होतं. म्हणून उजेड बी जांभळा. त्यो कापडाचा मान हाय, गुरुजी. आपल्याकडं हाय का कुणाला?"

एका पावसाळ्यात त्यांनी ज्या चित्रपटावर जीव टाकला, त्यात खुनी माणसाचा एक लांब काळा कोट होता. कॉलर उभी, कानापर्यंत. कंबरेत आवळलेला, खाली घेरदार, आणि जिन्यावरून खाली उतरताना आतलं तांबडं अस्तर क्षणभर दिसे आणि परत झाकलं जाई. त्या अस्तराच्या वेळी चाँदसाबांच्या तोंडून "हाय अल्ला" असं निघालं. पुढचा माणूस मागं वळून म्हणाला, "म्हातारबा, भिऊ नका, खोटं असतंय."

खालच्या घेराला किती कळ्या, म्हणजे तिरक्या पट्ट्या, जोडल्या आहेत हे मोजायला आम्ही तो चित्रपट तीनदा पाहिला. तिसऱ्या वेळी अंधारात माझ्या मांडीवरून छत्री कुणी तरी ओढली. मी किंचाळलो. पडद्यावर त्या वेळी काहीच भयानक चाललेलं नव्हतं, एक बाई चहा पीत होती, त्यामुळं सगळं थेटर माझ्याकडं बघू लागलं. बाहेर आल्यावर कळलं की चाँदसाबनी खिशातला खडू काढून माझ्या काळ्या छत्रीवर त्या कोटाची कटाई आखली होती. पाठ, बाह्या, कॉलर, सहा कळ्या, सगळं.

बाहेर पाऊस लागला होता.

"छत्री उघडायची नक्को," चाँदसाब म्हणाले.

आम्ही एस.टी. स्टँडपर्यंत भिजत गेलो. माझ्या सदऱ्याखाली छत्री कोरडी होती. पुढं आठ दिवस ती त्यांच्या दुकानात खुंटीला होती आणि मी शाळेत पोतं पांघरून जात होतो. मुलांनी मला त्यावरून एक नाव ठेवलं, ते इथं सांगण्यासारखं नाही.

माणसाला एवढं वेड का लागावं, हे मला एका परतीच्या प्रवासात समजलं. चाँदसाब तरुणपणी हैदराबादला एका उस्तादाच्या हाताखाली शेरवानी शिकून आले होते. निजामाच्या अमलात कचेरीत जायचं तर शेरवानी लागे. अंमलदार, वकील, जहागीरदार आणि आमच्यासारख्या घरांतले कारकूनसुद्धा चाँदसाबांच्या हातची शेरवानी अंगावर घालून मिरवत. मग पोलीस ॲक्शन झाली. राज्य गेलं, आणि शेरवानी घालून रस्त्यानं जाणं जिवावरचं झालं. लोक मागच्या दारानं गाठोडी घेऊन त्यांच्याकडं येऊ लागले. कुणाला तिची जाकिटं करून हवी होती, कुणाला पोरांचे कोट, कुणाला नुसत्या पिशव्या. ओळखू येता कामा नये, एवढीच अट.

"त्या साली म्या शिवलं न्हाय, गुरुजी," चाँदसाब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "उसवलं. सा म्हैने नुसतं उसवलं. माझ्याच हातचे टाके. लई पक्के घातले होते, निघता निघंनात."

मग त्यांनी पानाची डबी काढली आणि मला सुपारी देऊ केली. हा विषय त्यांनी परत कधी काढला नाही.

त्यानंतर त्यांच्या वाट्याला आले शाळेच्या खाकी चड्ड्या, नेहरू शर्ट आणि लेंगे. "पोत्याला नाडी घातली की झाला लेंगा," ते म्हणत. असा माणूस सोलापूरच्या अंधारात जाऊन बसतो, आणि बघतो तर काय, मरायचं असो की मारायचं, कुणी नटल्याशिवाय खोलीबाहेर पडत नाही. त्यांना ते घर वाटलं असणार. मला तेव्हा त्यांची फार कीव आली होती. आज वाटतं, कीव करणारा मी कोण?

दिवाळीनंतर त्यांनी ठरवलं की तसा एक कोट शिवायचा. ट्रंकेतून काळं लोकरी कापड निघालं. एका अंमलदारानं शेरवानीसाठी आणून दिलेलं. तो अंमलदार मागं वळून आलाच नव्हता. "डोळे चाललेत," चाँदसाब म्हणाले. "येवढा एक शिवतो, आन कुणाच्या तरी अंगावर रस्त्यानं चालताना बघतो. मग गेले तर जाऊ द्या."

आता एवढा कोट घालणार कोण? पाटलाच्या मुलाला बुशशर्ट हवा होता. दवाखान्याच्या डॉक्टरांनी हसून विषय बदलला. तमाशाच्या फडाचा मालक एका पायावर तयार झाला, पण त्याला वरून जरीची किनार लावून पाहिजे होती. चाँदसाबनी त्याला दुकानाची पायरी उतरायला लावली. "कोट हाय त्यो, बैलाची झूल न्हाय!"

एक दिवस त्यांनी मला म्हटलं, "गुरुजी, जरा सरळ उभं ऱ्हावा," आणि टेप काढली. माझी छाती भात्यासारखी आत गेलेली, पाठीला शाळामास्तराचं पोक. त्यांनी माप घेतलं, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "हौ, कटाईत झाकू."

रोज शाळा सुटल्यावर मी त्यांच्या दुकानात जाऊन दहा सुयांत दोरा ओवून ठेवायचो, कारण त्यांना नेढं दिसत नसे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या दहा सुया संपलेल्या असत. काजं त्यांनी बोटांनी चाचपून केली. अस्तराला लाल रेशीम कुठून आणलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. शिमगा आला तेव्हा कोट तयार झाला.

मी तो दुकानात अंगात घातला. खोटं कशाला सांगू, त्या कोटात पोक नव्हतं. चाँदसाब चार पावलं मागं गेले, डोळे बारीक करून माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "वेशीपर्यंत जाऊन या."

मी रस्त्याकडं बघितलं. बाजाराचा दिवस. माझ्याच वर्गातली पोरं समोर उसाचा रस पीत होती. "उकडतंय, चाचा," मी म्हणालो. "थंडीत घालतो."

थंडी आली. थंडी गेली. मुख्याध्यापक खादीधारी होते, त्यांना काय वाटेल? बायकोनं कोट बघितला आणि म्हणाली, "हे घालून बाहेर पडलात तर मी माहेरी जाईन." आमच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत, कोट पडून राहिला. चाँदसाबनी एकदाही विचारलं नाही. मी दुकानासमोरून जायला लागलो की ते मशीन थांबवत आणि माझ्या दिशेनं डोळे बारीक करून बघत. अंगावरचा पांढरा सदरा तेवढा दिसत असावा. परत मशीन चालू होई. मला लाज वाटत होती. आधी कोटाची, मग लोकांची, शेवटी माझी स्वतःची. पुढं पुढं मी मागच्या गल्लीनं शाळेत जायला लागलो. भित्रा माणूस खुनी माणसाला जेवढा भितो, त्याच्यापेक्षा उसाचा रस पिणाऱ्या पोरांना जास्त भितो, हे मी अनुभवानं सांगतो.

मग वैशाखात त्यांचा मुलगा हैदराबादहून आला. तिकडं त्याची नोकरी होती. बापाला आता एकट्यानं राहू देणं शक्य नव्हतं, भिंत आणि दार यांतला फरकही हातानं बघावा लागत होता. दुकान बंद झालं. दुपारच्या गाडीनं ते निघणार होते.

मी जेवून ओट्यावर बसलो होतो. बायको आतून म्हणाली, "चाचा चाललेत म्हणं आज." थोड्या वेळानं आतून ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ती कोट हातावर घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर धरून उभी राहिली.

वैशाखातल्या बाराच्या उन्हात, नळदुर्गच्या भर बाजारातून, मी गळ्यापर्यंत बटणं लावलेला लोकरी कोट घालून निघालो. पानवाल्यानं विचारलं, "गुरुजी, नाटक हाय का कुठं?" एक ट्रकवाला हमरस्त्यावर गाडी हळू करून बघत राहिला. मुख्याध्यापक समोरून आले आणि त्यांनी मला ओळखलं नाही, किंवा न ओळखायचं ठरवलं. मागं पोरांची रांग लागली. घामाच्या धारा लागल्या होत्या. मला रडू येत होतं, पण घामात ते कुणाला कळत नव्हतं, एवढा त्या कोटाचा उपयोग झाला.

स्टँडवर चाँदसाब गोणपाटात गुंडाळलेल्या मशीनवर बसले होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"कोण?"

"मी, चाचा."

त्यांनी हात पुढं केला. बोटं बाहीला लागली आणि थांबली. मग ते उठून उभे राहिले. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले, शिवणीवरून फिरवले, कॉलरवरून, पाठीवरून, खाली बटणांवर आले. त्यांचा मुलगा अवघडून इकडंतिकडं बघत होता.

"दोन नंबरचं बटण तीन नंबरच्या काजात घातलंय," चाँदसाब म्हणाले. त्यांनी ते काढून नीट लावलं. मग म्हणाले, "चाला."

मी पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो आणि परत आलो. पोरं खिदळत होती. गाडीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती.

"क्या कररे लोगां?" चाँदसाबनी मुलाला विचारलं.

"देखरे, अब्बा."

"हँसरे क्या?"

मुलगा माझ्याकडं बघून घुटमळला. "थोडे हँसरे. बाकी देखरे."

चाँदसाबनी मान हलवली. चेहऱ्यावर काही बदल झाला नाही, पण ते बोटांची टोकं एकमेकांवर चोळत राहिले. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "हसू द्या, गुरुजी. हसायला बी आधी बघावंच लागतंय."

कंडक्टरनं घंटी मारली. मुलानं त्यांचा दंड धरला.

"अजून एकदा चाला," चाँदसाब म्हणाले. "गाडीला लई वेळ हाय."

गाडीला अजिबात वेळ नव्हता. मी चाललो.