बॉबिनचं जाकीट

मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, खांद्याकडे बघत. दुकानाच्या पायरीवर कोणी उभं राहिलं की त्यांच्या डोळ्यांनी आधी माप घेतलेलं असे, "या, बसा" नंतर. डावा खांदा जरा खाली, पाठीला पोक, पोट सुटायच्या बेतात असा गडी आत यायचा, आणि मास्तरांचा कोट अंगात घालून बाहेर पडायचा तेव्हा त्याची आईही त्याला ओळखायची नाही. कसब मोठंच होतं. पंचाईत एवढीच, की जी माणसं कपडे शिवायला आलेली नसत त्यांनाही मास्तर तसंच मापत.

मुलीनं लग्न ठरवलं आणि होणारा जावई घरी आला. मोबाइल दुरुस्त करणारा साधा पोरगा. खुर्चीच्या कडेवर बसून चहा पीत होता. मास्तरांनी चष्म्यावरून त्याला एकदा पाहिलं आणि मुलीला म्हणाले, "शिलाई कच्ची आहे. पहिल्या धुण्यात उसवेल." हळू बोलतील तर ते मास्तर कसले. पोरानं कप खाली ठेवला. मुलीनं आत जाऊन बॅग भरली. लग्न झालं, मास्तर गेले नाहीत. त्या दिवशी त्यांनी दुकान उघडं ठेवलं आणि कुणाची तरी पँट आखूड करून दिली. संध्याकाळी बायको एकटीच परत आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "आता आपल्यात बोलायचं काही राहिलं नाही."

मास्तरांना वाटलं, आठवडाभर चालेल. बाई शब्दाची पक्की निघाली.

सगळी गल्ली त्यांच्या बायकोला काकू म्हणे. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा आणि पडद्याच्या कडेला मागच्या अंगणात उघडणारी एकच खिडकी, दोन्हीकडे उजेड देणारी, अशी एकूण मांडणी. कापणं आणि मशीन मास्तरांकडे. काज, बटण, तुरपाई पडद्यामागे काकूंकडे. मुलीच्या लग्नानंतर पडद्याखालून कपडे तेवढे इकडून तिकडे सरकत राहिले, शब्द नाही. हे असंच मरेपर्यंत चाललं असतं. पण एका पावसाळ्यात मागच्या पत्र्यावरून मांजरीचं एक ओलं पिल्लू आत आलं, मशीनच्या खाली धाग्यांच्या ढिगात झोपलं आणि राहिलं. मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखं लहान, गोल, सारखं फिरणारं, म्हणून त्याचं नाव बॉबिन पडलं.

पहिलं वाक्य काकूंचंच होतं. करडा कोट हातात घेऊन त्या पडद्याशी आल्या आणि मांजरीला म्हणाल्या, "बॉबिन, विचार त्यांना, बटणं दोन लावू की तीन?"

मास्तरांनी मशीन थांबवलं. कात्री उगाच इकडची तिकडे ठेवली. मग मांजरीला म्हणाले, "तीन म्हणावं."

तिथून सुरुवात झाली. काही दिवसांत बॉबिनला उसंत मिळेना. "बॉबिन, सांग त्यांना, चष्मा कपाळावर आहे, दुकान पालथं घालायची गरज नाही." "बॉबिन, तिला म्हणावं, चहात साखर पडली नाही, पण रंग सुरेख आलाय." "बॉबिन, त्यांना विचार, साखर मी विसरले, की त्यांची जीभ चव विसरली?" गिऱ्हाइकं हसायची. त्यांना वाटायचं, म्हातारा-म्हातारीचे लाड चाललेत. खरं सांगायचं तर तसंच होत चाललं होतं. नवी नवरी असताना काकू जे बोलल्या नव्हत्या ते आता मांजरीच्या नावावर बोलत होत्या. मास्तर खोकले की पडद्यामागून येई, "बॉबिन, त्यांना म्हणावं, दाखवून या एकदा. मला नाही, तुलाच घोर लागलाय." मास्तर लगेच दाखवून आले. हेच कोणी त्यांना तोंडावर सांगितलं असतं तर ते मुद्दाम महिनाभर खोकले असते.

आणि मग एका दुपारी, फोन ठेवल्या ठेवल्या, काकू अगदी हळू म्हणाल्या, "बॉबिन, मुलगी विचारत होती, बाबा बरे आहेत का."

मास्तर किती तरी वेळ एका सरळ टिपेवर मशीन चालवत राहिले. कापड संपलं तेव्हा म्हणाले, "बरे आहेत म्हणून सांग. आणि... तीही बरी आहे ना, ते विचार."

मांजरीनं जांभई दिली. पण निरोप पोचला. मास्तरांनी त्या दिवशी मनाशी धरलं, की अजून थोडं असंच चालू राहिलं तर एखाद दिवशी मुलगी त्या पायरीवर उभी असेल. बरोबर तोही असेल, आणि या वेळी आपण तोंडाकडे बघू.

नेमका तेव्हा बोका आला.

पिवळा, रुंद तोंडाचा, एक कान फाटलेला, तालमीतून हाकलून दिलेल्या पहिलवानासारखा. मागच्या पत्र्यावरून भिंतीवर, भिंतीवरून खिडकीत, खिडकीतून थेट कापायच्या टेबलावर. पहिल्याच दिवशी त्यानं एका पांढऱ्या पँटवर आपली सही केली. ती पँट तीनदा धुतली तरी वास गेला नाही. दुसऱ्या खेपेला बॉबिनची मान धरली. फिस्कारणं, किंकाळ्या, हवेत केस. मास्तर कापड मोजायचा गज घेऊन धावले तेव्हा तो निवांत भिंतीवर बसून पंजा चाटत होता.

मास्तरांनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू.

"आले बघा जावईबापू. बोलावणं नाही, निरोप नाही, सरळ आत."

गिऱ्हाईक हसलं. पडद्यामागे सुई थांबली. मग आवाज आला, "बॉबिन, सांग त्यांना, आमचा जावई दारातून आला होता आणि दारातून गेला. त्याला कोणी घालवला तेही त्यांना माहीत आहे."

त्यानंतर बरेच दिवस बॉबिनला काम नव्हतं. मास्तरांनी नाव बदलून नुसतं "तो बोका" केलं, तेव्हा कुठे पडद्यामागून पुन्हा "बॉबिन" अशी हाक ऐकू आली. पण मांजर आता हाकेला येत नव्हती. कपाटावर चढून बसायची, खिडकीकडे डोळे लावून. कान हलला तरी दचकायची. मानेवरची जखम भरते न भरते तोच दुसरी व्हायची.

जनावरांच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आपला पांढरा कोट न्यायला आल्या होत्या. त्यांनी जखम बघितली आणि सरळ सांगितलं, "मास्तर, त्या बोक्याचं ऑपरेशन करून घेऊ. मग निम्मी मस्ती उतरते. आमचा पिंजरा दुसरीकडे गेलाय, आला की मी घेऊन येते. तोवर हिला आत ठेवा आणि मागची खिडकी लावून घ्या."

"खिडकी लावू?" मास्तर म्हणाले. "उजेड तेवढाच आहे आमच्याकडे. काजं काय चाचपून करायची?"

"बॉबिन," पडद्यामागून आलं, "काजं मी करते. उजेड मला लागतो. माझी तक्रार नाही. लावा म्हणावं खिडकी."

एखाद्यानं उठून खिडकी लावली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. पण एका भटक्या बोक्यापायी आपण आपल्या घरात अंधार करायचा, हे मास्तरांच्या गळी उतरेना. नर्सबाई गेल्यावर त्यांनी टेप गळ्यात टाकला.

"बॉबिन, तिला म्हणावं, तुला इकडे घेऊन ये. तुला जाकीट शिवतो. बोक्याचा दात लागायचा नाही असं."

हे ऐकून काकू चक्क पडद्याबाहेर आल्या. मांजर टेबलावर बसवली, दोन्ही हातांनी धरली. मास्तरांनी मान मोजली, छाती मोजली, पाठ मोजली. टेप बॉबिनच्या पोटाखालून घेताना त्यांची बोटं काकूंच्या बोटांना लागली; दोघांनीही लक्षात न आल्याचं दाखवलं. बॉबिन डोळे मिटून बसली होती. "सरळ बस ग," काकू म्हणाल्या, "मास्तर रागावतील. आमच्या लग्नातल्या फोटोच्या वेळी नाही का, मला श्वाससुद्धा घेऊ दिला नव्हता." आणि हसल्या. मास्तरांना ते हसणं इतकं नवं वाटलं, की माप त्यांना दुसऱ्यांदा घ्यावं लागलं.

जाकीट पाहण्यासारखं झालं. कोटाच्या कॉलरमध्ये घालतात ते कडक बकरम दुहेरी, वरून जाड कॅनव्हास, आतून एका जुन्या सुटाचं उरलेलं अस्तर. उंच कॉलर. पोटाखाली हुकांची रांग. काकूंनी तुरपाई केली आणि शेवटचा टाका घालताना म्हणाल्या, "बॉबिन, सांग त्यांना, मुंढ्यात, पाय निघतो तिथे, घट्ट होतंय. पाय बाहेर येतो, पण पुढे जायचा नाही."

"तिला म्हणावं, मुंढा किती ठेवायचा ते मला ठाऊक आहे. ढिला ठेवला तर दात आत शिरेल."

काकूंनी दोरा दातानं तोडला.

जाकीट घालून बॉबिन टेबलावर बसवली तेव्हा कुठे एक चुणी पडली नाही. इस्त्रीवाला बघायला आला, शेजारपाजारच्या बायका आल्या. मांजर नवे बूट घातलेल्या माणसासारखी चार पावलं चालली आणि उभीच राहिली. "अंगवळणी पडायला वेळ लागतो," मास्तर म्हणाले. हे वाक्य ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत.

बसचालकाचा शर्ट असला की मास्तर त्याला हात स्टेअरिंगवर धरल्यासारखे धरायला लावत. रंगाऱ्याला म्हणत, हात वर कर, आणखी वर. जो माणूस कामात जसा असतो तसंच त्याचं माप घ्यायचं, हा त्यांचा धडा होता आणि तो त्यांनी किती तरी कारागिरांना शिकवला होता. मांजरीचं माप मात्र त्यांनी बसल्या जागेवर घेतलं, फोटोला बसलेल्या नवरीसारखं. लक्ष त्या दिवशी टेपकडे नव्हतं.

भर दुपारी बॉबिन मागच्या भिंतीवर ऊन खात पडली होती. बोका पत्र्यावरून आला. एरवी ती भिंतीवरून एका उडीत खिडकीत आणि खिडकीतून कपाटावर जायची. बोक्याला कपाटावर चढणं तेवढं कधी जमायचं नाही. तिनं उडी घेतली. पुढचे पाय पुढे गेलेच नाहीत. छाती खिडकीच्या कडेवर आपटली आणि ती खाली अंगणात पडली.

मास्तर आणि काकू दोघं मागच्या दारानं धावले. मास्तरांनी गज फेकून मारला. बोका पळाला तेव्हा जाकीट होतं तसं होतं. मानेला दात नाही, पाठीला दात नाही. जे काही झालं होतं ते जाकीट संपत होतं तिथून मागे.

दवाखान्यात हुक निघेनात, म्हणून डॉक्टरांनी कात्री घेतली. दुहेरी बकरमला कात्री लागेना. "हे कोणी शिवलंय?" त्यांनी घाम पुसत विचारलं.

"यांनी," काकू म्हणाल्या.

बॉबिन दवाखान्यातून परत आली नाही. जखमेत पू झाला, ताप चढला, आणि एका सकाळी नर्सबाई स्वतःच सांगायला आल्या.

नर्सबाई गेल्यावर काकू पडदा बाजूला करून उभ्या राहिल्या आणि मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "चहा ठेवू का?"

सरळ. मधे कोणी नाही. आपल्याला लाज वाटायला हवी हे कळत असूनही मास्तरांना, त्या दुःखातही, आत कुठेतरी बरं वाटलं. बाई बोलली.

मग बोलणं रोजचंच झालं. "जेवायला वाढलंय." "निळा शर्ट झालाय, घ्या." "दोरा संपत आलाय, येताना आणा." आवाज मऊ, शब्द नीट, चूक काढायला जागा नाही. मास्तरांच्या लक्षात यायला काही दिवस लागले, की काकू गिऱ्हाइकांशीही अगदी याच आवाजात बोलतात. चष्मा कपाळावर असला तर आता त्या सांगत नसत; शोधू देत. एकदा धीर करून मास्तरांनी विचारलं, "मुलीचा फोन आला होता का?"

"आला होता."

"बरी आहे?"

"बरी आहे."

मुलीनं बाबांचं काही विचारलं का, हे विचारायला त्यांना कोणी मिळालं नाही.

पिंजरा आला. नर्सबाईंनी त्यात माशाचा तुकडा ठेवला आणि बोका तासाभरात त्यात जाऊन बसला, जसं काही कोणी तरी बोलावण्याचीच तो वाट बघत होता. ऑपरेशन होऊन परत आला तेव्हा फाटक्या कानाचं टोक खुणेसाठी नीट कापलेलं होतं. आता तो कोणाशी भांडत नव्हता. भांडायला होतं कोण? दुपारी येऊन खिडकीत बसायचा, अंगाची गुंडाळी करून. मास्तर त्याला हाकलत नव्हते, की खायला घालत नव्हते.

अशाच एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. रस्ता झोपलेला. मास्तरांच्या पुढ्यात एक कोट उसवून पडला होता आणि त्यांचा हात चालत नव्हता. पडद्यामागे सुई कापडातून जात असल्याचा तो बारीक आवाज येत होता. त्यांनी बोक्याकडे पाहिलं. घसा साफ केला.

"अरे," ते बोक्याला म्हणाले, अगदी हळू, "तिला सांग... मुंढा घट्टच झाला होता."

बोक्यानं डोळा उघडला आणि मिटला. सुई थांबली नाही.

"मला ऐकू येतं," काकू आतून म्हणाल्या. "मांजराला कशाला मधे घालता? बोला. काय हवंय?"

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या टेपकडे. सरळ बोलायची सवय कुठे होती.

"काही नाही," ते म्हणाले. "चहा असला तर."

"ठेवते," काकू म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं स्वतः घेऊन आल्या, गिऱ्हाइकांच्या कपात, बशीसकट.