पुलाआधी गाडी झाडायची

आमच्या घरात तीन पिढ्यांनी बिअरचा धंदा केला आणि तिघांपैकी एकानेही ती कधी तोंडाला लावली नाही. लोकांना खोटं वाटतं. वाटू दे. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, सजवून लिहिणं मला जमत नाही, पण खोटं लिहायलाही अजून शिकलो नाही. आता तो धंदा नाही. का नाही, ते लिहून ठेवतो. पोरगा ते कुणाला सांगणार नाही, आणि त्याच्या आईला शेवटी बोलताच येत नव्हतं.

माझ्या बापाने सुरुवात केली तेव्हा वर्धा जिल्ह्यात दारू उघड विकली जायची. नागपूरहून माल रेल्वेने यायचा आणि वर्धा स्टेशनवरून बैलबंडीत देवळीला. बंडीत खाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, बाटल्यांच्या मधे तणस, वरूनही तणस. बाप बंडीत बसायचा नाही. मागे पायी चालायचा, कान देऊन. काच तडकली की चालता चालता म्हणायचा, "गेली एक." पण बंडी थांबवायचा नाही.

मग जिल्ह्यात दारूबंदी झाली. धंदेवाल्यांपैकी काहींनी दुकानं बंद केली, काहींनी मागच्या दाराने चालू ठेवली. बापाने तिसरंच केलं. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात बंदी नव्हती, तिथे त्याने रस्त्याला लागून गोदाम बांधलं आणि लायसन तिकडचं काढलं. घर मात्र देवळीतच ठेवलं. रोज सकाळी पूल ओलांडून धंद्यावर, संध्याकाळी पूल ओलांडून घरी.

पहिल्याच महिन्यात एका हमालाने परतीच्या बंडीत तणसाखाली एक बाटली लपवली. एकच. अलीकडच्या नाक्यावर ती सापडली. बापाला चौकीसमोर जमिनीवर बसवलं, सगळं तणस त्याच्या पुढ्यात ओतलं आणि आणखी एखादी निघते का म्हणून काडी काडी वेचायला लावली. बाजाराचा दिवस होता. येणारे-जाणारे सगळे ओळखीचे. मी बंडीपाशी बैल धरून उभा होतो. बापाने मान वर केली नाही, पण वेचणंही थांबवलं नाही. सगळं तणस वेचून झाल्यावर उठला, धोतर झटकलं आणि मला म्हणाला, "चाल."

दुसऱ्या दिवसापासून आमचा नियम झाला. पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी एक बाभूळ होती. तिच्याखाली बंडी थांबवायची, बैल सोडायचे, सगळं तणस खाली काढून झाडायचं, परत भरायचं, मगच पूल ओलांडायचा. रिकामी असली तरी झाडायची. आणि भरली असेल तर पुलावर आणायचीच नाही.

माझं लग्न जमलं ते या नियमावरच. मुलीचे वडील मास्तर. आमच्याकडे आले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, "घर चांगलं आहे, मुलगा कष्टाळू आहे. पण दारूवाल्याच्या घरी मुलगी दिली म्हणतील लोक."

बाप म्हणाला, "गुरुजी, धंदा नदीच्या पलीकडं हाये. घर अलीकडं. ज्या दिवशी आमची एक बाटली पूल ओलांडून अलीकडं येईन, त्या दिवशी तुमची पोरगी घेऊन जाजा. मी अडवणार नाई."

गुरुजी हसले. म्हणाले, "शब्द आहे हा."

"शब्दच हाये," बाप म्हणाला.

ती घरात आली आणि नियम तिनेच जास्त धरला. मी परतलो की पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. पहिला प्रश्न, "झाडली का?" मी म्हणायचो, "झाडली." मग तांब्या हातात मिळायचा. एकदा थट्टेने म्हटलं, "आज नाई झाडली बा." तिने तांब्या तसाच आत नेला.

"अवो, पाणी तर दे!"

आतून म्हणाली, "आधी पुलावर जाऊन या. पाणी काई पळून नाई चाललं."

आणि मी खरंच सायकल काढून गेलो असतो, एवढी तिची जरब. मग तीच हसत बाहेर आली.

बाप गेला. बंडी जाऊन टेम्पो आला, तणस जाऊन ताडपत्री आली, पोरगा धंद्यात आला. चांगला पोरगा. माझ्यापेक्षा हुशार, हिशेबाला पक्का, गिऱ्हाइकाशी गोड. फक्त पुलाशी रोज कुरकुर करायचा.

"बाबा, ताडपत्री झाडून काय निंगते? धूळ निंगते."

"धूळ निंगते म्हणूनच झाडायची."

"अख्खा यवतमाळ जिल्हा हासते आपल्यावर."

"हासू दे. चौकीसमोर तर नाई हासत."

तो झाडायचा. बडबड करत, पण झाडायचा.

आता दसऱ्याचं लिहितो. त्याची आई वर्षातून एकदाच गोदामावर यायची, दसऱ्याला, गाडीच्या पूजेला. आमच्याकडे पूजा भरल्या गाडीची करायची. रिकाम्या गाडीला हार घालत नाही. म्हणून सकाळीच टेम्पो पेट्यांनी भरून ठेवला होता. तिने झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू लावलं, नारळ फोडायला मला दिला. हमालांना पेढे वाटून सुट्टी दिली. ते गेले आणि ती पूजेच्या परातीपाशी वाकली ती वाकलेलीच राहिली. डावा हात लोंबत होता. तोंड एका बाजूला ओढलं होतं. मला वाटलं चक्कर आली. पोरगा धावत आला, त्याने पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, लकवा हाये हा. बसा गाडीत."

यवतमाळ लांब, वर्ध्याचा मोठा दवाखाना जवळ. तिला उचलून पुढे बसवलं, मी बाजूने धरलं, त्याने गाडी काढली. गाडी भरलेली आहे हे कोणी बोललं नाही. मला तर सुचलंच नव्हतं. वळण आलं, बाभूळ दिसली, आणि सुचलं.

मी म्हटलं, "थांबव."

"काऊन?"

"माल हाये मागं."

"बाबा, आता नाई."

"थांबव म्हटलं ना. पलीकडं धरली तर गाडीही जाईन आणि लायसनही जाईन."

"जाऊ द्या लायसन! आईकडं पाहा!"

मी हात घालून किल्ली फिरवली. चालत्या गाडीची. टेम्पो गचके खात बाभळीखाली थांबला. मी खाली उतरलो आणि ताडपत्रीचे दोर सोडू लागलो. त्याने दोनदा हॉर्न वाजवला. मग उतरला आणि पेट्या काढू लागला. आम्ही बाप-लेक दोघांनी भरलेला टेम्पो रिकामा केला, माल रस्त्याच्या कडेला रचला. मग मी, देवा, मी ताडपत्रीही झाडली. सवयच होती ती. पोरगा माझ्याकडे पाहत उभा राहिला.

त्या सगळ्या वेळात मी तिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. मी मागेच होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "केव्हा सुरू झालं? लगेच आणलं का?" पोरगा म्हणाला, "अर्धा तास पुलावर गेला." डॉक्टर म्हणाले, "पुलावर? ट्रॅफिक होतं?"

तिसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला देवळीला आलो. बसस्टँडवर शेजारचा एक जण भेटला. दसऱ्याचं सोनं हातात देऊन म्हणाला, "काका, यंदा पहिल्यांदा तुमच्या घरची पेली बरं! कोणी तरी पुलाजवळच्या पेट्या उचलून आणल्या, अख्ख्या गावात वाटल्या." त्याला काही माहीत नव्हतं. तो खुशीत होता. बाप गेला, गुरुजी गेले, शब्द अजून माझ्याकडे होता. तो त्या दसऱ्याला देवळीत घरोघरी फोडून प्याले लोक, आणि मी तिला बाभळीखाली ठेवून तोच शब्द राखत होतो.

ती वाचली. तीन वर्षं जगली. डावं अंग गेलं, वाचा गेली. मी तिला भरवायचो, वेणी घालायला शिकलो, वाकडी का होईना घालायचो. संध्याकाळी गोदामावरून आलो की ती खाटेवरून दाराकडे पाहायची. मी तिने न विचारता सांगायचो, "झाडली." पहिले काही महिने सांगितलं. एके दिवशी पोरगा आतून आला आणि म्हणाला, "आईले हे नका सांगत जाऊ." तेवढंच. मग नाही सांगितलं.

एकदा घरात कोणी नसताना मी तिला विचारलं, "मी थांबवलं, तुले राग आला का?" ती पाहत राहिली. डोळ्यांत राग नव्हता, माफीही नव्हती. तिला तहान लागली होती. उजव्या हाताने तिने तांब्या दाखवला.

ती गेल्यावर तेरवी झाली आणि चौदाव्या दिवशी पोरगा म्हणाला, "मी धंदा सोडून राह्यलो. गिऱ्हाईक पाहिलं हाये." मी भांडलो. खूप भांडलो. म्हटलं, माझ्या बापाने काडी काडी वेचून उभा केलेला धंदा आहे. तू विकायला निघालास? तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही चालवा." माझे गुडघे त्याला माहीत होते.

गोदामाची किल्ली द्यायला आम्ही दोघं टेम्पोतूनच गेलो. नवीन मालक नागपूरकडचा, तरुण, मान देणारा. मी गोदामात एकदा फिरलो. भिंतीवर बापाने खिळा ठोकलेला होता टोपी टांगायला. तो तसाच राहू दिला. टेम्पो आमच्याकडेच राहणार होता, पोरगा आता त्यावर भाजीपाल्याचं भाडं मारणार म्हणत होता.

परतताना मी तिच्या जागेवर बसलो होतो. वळण आलं. बाभूळ वाळली आहे, पण उभी आहे. गाडीत काही नव्हतं, आमचा धंदाही उरला नव्हता. पोरग्याने वेग कमी केला. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी म्हटलं, "चाल बाबू, नको थांबवू."

त्याने थांबवली. उतरला, मागे गेला. दोर सोडल्याचा आवाज आला. ताडपत्री काढून त्याने झाडली, एकटाच, खूप वेळ झाडली, धुळीने सगळा अंधुक झाला. घडी घातली, परत बांधली आणि येऊन बसला. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"बाबा," तो म्हणाला, "हे तुम्ही त्या दिवशी म्हणाले असते तर."

मग गाडी पुलावर घेतली. खाली नदीत पाणी कमी होतं, दगड दिसत होते. देवळीला पोचलो. दार बंद होतं. कुलूप काढायला मी पुढे झालो. किल्ली भोकात जाईना. पोरगा मागे उभा राहून पाहत होता. मग पुढे आला, माझ्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडलं. आत जाऊन त्याने तांब्या भरला. आधी स्वतः प्याला. मग मला आणून दिला.

"झाडली का?" विचारलं नाही त्याने. पाणी प्यालो.