ऊन पाण्यातला भात

माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एक गोष्ट नेहमी सांगायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात बिऱ्हाड आणि मेंढरं घेऊन ते अजिंठ्याचा घाट उतरले, तापी ओलांडून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत गेले. तिथं सागाच्या जंगलात गरम पाण्याचा झरा होता, लोक त्यात अंघोळ करायचे. संध्याकाळी फडक्यात तांदूळ बांधून त्या पाण्यात सोडले आणि सकाळी गाठ सोडली तर आत मोकळा, वाफाळता भात. "चूल नाय, काडी नाय, धूर नाय," असं म्हणून अण्णा आमच्याकडं बघायचे. ही गोष्ट त्यांनी शहागंजातल्या कापडाच्या दुकानात, जिथं त्यांनी पुढं वीस वर्षं गठ्ठे उचलले, तिथल्या प्रत्येकाला सांगितली होती. माझ्या लग्नात व्याह्यांनाही सांगितली.

मी वाळूजच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. दिवसभर माझ्या हातात थर्मामीटर आणि काचेच्या नळ्या असतात. गेल्या हिवाळ्यात माहेरी जेवायला बसले असताना अण्णांनी ती गोष्ट पुन्हा काढली, आणि मी सहज बोलून गेले, "अण्णा, तांदूळ शिजायला पाणी जवळजवळ उकळतं लागतं. आणि तसल्या पाण्यात लोक अंघोळ कशी करतील?"

अण्णांचा घास हातातच राहिला. "म्हंजे मी खोटं बोलतो?"

"तसं नाही हो."

"मग चल की. तुपल्या डोळ्यानं बघ, म्हन्लं."

मला खरंच बघायचं होतं. जमिनीतून आपोआप गरम पाणी येतं हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्यात बोट कधी बुडवलं नव्हतं. पुढच्याच शनिवारी जायचं ठरलं. आई मात्र म्हणाली, "मी नाय येत. माझे गुडघे दुखतेत." वेरूळला जायचं म्हटलं तरी आदल्या दिवशी पिशवी भरून ठेवणारी माझी आई गरम पाण्याला गुडघ्यांचं कारण देत होती. मला नवल वाटलं. शनिवारी पहाटे गाडी सुरू केली तेव्हा ती शाल गुंडाळून बाहेर आली आणि मागच्या सीटवर बसली.

सिल्लोडनंतर घाट उतरायला लागलो तशी अण्णांची जीभ सुटली. इथं मेंढरांचा वाडा टाकून मुक्काम केला होता, इथं लांडगा आला होता, इथल्या शेतकऱ्यानं मेंढरं बसवल्याबद्दल दोन पायली ज्वारी दिली होती. मेंढरं रात्रभर शेतात बसली की खत होतं, त्याच्या बदल्यात दाणे मिळायचे. ते बोट दाखवायचे तिथं आता केळीच्या बागा होत्या. "इथं सगळं मोकळं रान व्हतं," असं ते दर दोन मैलांनी म्हणत होते. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

जळगाव, चोपडा मागं टाकून जंगलाच्या रस्त्याला लागलो आणि अकराच्या सुमारास पोचलो. दोन कौलारू खोल्या, समोर अंगण, मागं सागाची झाडं, आणि पायऱ्या उतरून खाली दगडी कुंड. तिथली व्यवस्था बघणारी चाळिशीची पावरा आदिवासी बाई होती. तीच खोल्या झाडायची, तीच स्वयंपाक करायची. तिनं आम्हाला चहा दिला आणि बायकांचं कुंड भिंतीच्या पलीकडं आहे, चपला वर काढा, साबण लावू नका, एवढं एका दमात सांगितलं.

मी आधी हात बुडवला. लहान मुलासाठी विसण घालून ठेवावं तसं पाणी. तळातून मधूनच बुडबुड्यांची माळ वर यायची आणि फुटायची. वास जवळजवळ नाही. दगडाच्या तोटीतून धार पडत होती, तिच्याखाली मी थर्मामीटर धरला. त्रेचाळीस. तीन वेळा बघितलं, तिन्ही वेळा त्रेचाळीस.

"तुझा काटा बिघडलाय," अण्णा म्हणाले.

मी तो बाईंच्या चुलीवरच्या उकळत्या चहात धरून दाखवला. काटा बिघडलेला नव्हता. अण्णांनी पिशवीतून तांदळाची पुडी काढली, मूठभर तांदूळ पंच्यात बांधले, सुतळीनं तोटीजवळच्या कडीला अडकवले आणि पायरीवर जाऊन बसले.

"बाबा, इथं अंडं बी उकडत नाय," बाई त्यांना म्हणाल्या.

"पह्यलं जास्त ऊन असंल. पंचेचाळीस वर्सं झाली. झरा बी म्हातारा व्हतो."

हे मला पटण्यासारखं वाटलं. झरे थंड होतात, भूकंपानं वाट बदलतात. मी बाईंना विचारलं, पूर्वी पाणी जास्त गरम होतं असं कुणी सांगायचं का? त्यांनी भाकरी थापता थापता विचार केला. मग म्हणाल्या, "माझी सासू सांगायची, तिची समदी लेकरं थंडीत याच धारेखाली धुतली. उकळतं असतं तर लेकरं भाजली नसती का?"

आई चुलीजवळ बसून वांगी भाजत होती. तिनं मान वर केली नाही.

दुपारचं जेवण, भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, अण्णांनी पायरीवरच मागवून घेतलं. मी जंगलात थोडं हिंडून आले. झऱ्याचं पाणी ओढ्याला मिळतं तिथपर्यंत गेले, दर पन्नास पावलांवर पाणी किती निवतं ते वहीत लिहिलं. गरम पाण्याच्या कडेच्या दगडांवर हिरवं शेवाळ मऊ गालिच्यासारखं होतं. पाणी निवलं तिथं ते संपत होतं आणि बेडूक सुरू होत होते. तासभर मी भाताचं विसरून गेले होते.

ऊन कलल्यावर अण्णांनी बोचकं वर काढलं. आम्ही भोवती जमलो. गाठ सुटली. तांदूळ फुगले होते, पांढरेशुभ्र झाले होते, पण बोटानं दाबले तर आत टणक कणी. अण्णांनी चिमूटभर तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिले.

"लागलंय शिजाया," ते म्हणाले. "सकाळपर्यंत ठिवलं तर—"

आई हसली. आधी पदरात, मग उघड, मग तिला आवरेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय झालं हसाया?" अण्णा म्हणाले.

"अवं, सकाळपर्यंत ठिवलं तरी नाय शिजायचं," आई म्हणाली. "तवा बी नव्हतं शिजलं."

मग आईनं तिथंच पायरीवर बसून सांगितलं.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कुणीतरी माझ्या आजीला सांगितलं होतं की या पाण्यात भात शिजतो. तांदूळ म्हणजे तेव्हा सणाची गोष्ट, जवळ होते तेवढे दीड-दोन शेर. आजीनं सुनेला बोचकं बांधायला लावलं आणि सोडून यायला सांगितलं. पहाटे आई एकटी बघायला आली तर आत कच्चे तांदूळ.

"आत्याबाई म्हन्ल्या असत्या, सुनेच्या हाताला गुण नाय. तीनच म्हैने झाले व्हते मला येऊन. तितक्यात एक पावऱ्याची बाई हंडा घिऊन आली. तिनं माझं तोंड बघितलं, बोचकं बघितलं, अन् जी हसाया लागली! तिची बोली मला कळंना, माझी तिला. तिनं माझा हात धरला अन् नेलं तिच्या खोपटात. मडक्यात तांदूळ टाकले, वरून पळसाचं पान झाकलं. शिजस्तोवर आम्ही दोघी बसलो. मग भात फडक्यात बांधला, इथं येऊन वरून पान्यात बुचकाळला, अन् नेला. आत्याबाईंनी गाठ सोडली, वाफ निघाली. त्याच म्हन्ल्या, 'बघा, देवाचं पानी!' मी कायबी बोलले नाय."

"पंचेचाळीस वर्सं?" अण्णा म्हणाले.

"तुमी गोष्ट सांगायचे अन् लोक खुश व्हायचे. मंग कामून मोडायची?"

अण्णा उठले. पंच्यातले तांदूळ त्यांनी ओढ्याच्या कडेला पाखरांसाठी झटकले, शर्ट काढून पायरीवर ठेवला आणि पुरुषांच्या कुंडात उतरले. आमच्याकडं पाठ करून, गळ्यापर्यंत पाण्यात बसले. जेवायला हाक मारली तेव्हा आले, पण ताट उचलून आईपासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

रात्र तिथल्याच खोलीत काढली. सकाळी आईनं बाईंना विचारलं, ओढ्याच्या वळणावर उंबराशेजारी एक खोपट होतं, ते कुठं असेल? बाई आम्हाला पाड्यावर घेऊन गेल्या. पंधरा मिनिटांची वाट. गुडघ्यांचं नाव न काढता आई पुढं चालत होती. वळण सापडलं. उंबर नव्हता. तिथं आता मक्याचं शेत होतं आणि कडेला पाण्याची मोटर. जवळच्या घरासमोर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. बाईंनी तिला पावरीत विचारलं. म्हातारीनं खूप वेळ आईच्या तोंडाकडं बघितलं, मग डोंगराकडं हात केला.

"इथं घर होतं म्हणते," बाईंनी सांगितलं. "ते लोक डोंगरापलीकडं गेले, लई दिवस झाले. बाई हाय का नाय, हिला ठाऊक नाय."

आई म्हातारीशेजारी बसली आणि शेंगा सोलायला लागली. दोघी एकमेकींशी आपापल्या भाषेत बोलत होत्या. मध्ये बाई होत्या, पण त्यांना कुणी अर्थ विचारत नव्हतं.

मागं पाचोळा वाजला. अण्णा आमच्या मागोमाग आले होते. ते शेताच्या बांधावर उभे राहिले, इकडंतिकडं बघितलं आणि घसा खाकरून म्हणाले, "ती बाई कशी व्हती दिसायला?"

"उंच व्हती. कपाळावर गोंदलेलं," आई म्हणाली.

"अन् मीठ कुणाचं टाकलं?"

"तिचंच."

"तेवढा वेळ बसून काय बोलत व्हत्या, बोली कळत नव्हती तर?"

"तिनं माझ्या जोडव्यांकडं बोट केलं, मी तिच्या कड्यांकडं. तिनं मला नाचून दाखवलं, त्यांच्या लग्नात कसं नाचतेत ते. मी लई हसले."

अण्णांनी बांधावरची काडी उचलून मोडली. "तरीच," ते म्हणाले. "त्या दिवशी तू बोचकं घिऊन आली तवा हसत व्हती. तीन म्हैन्यांत मी तुला हसताना बघितलं नव्हतं. मला वाटलं, भात शिजला म्हनून." मग माझ्याकडं वळून जरा रागानंच म्हणाले, "तू काय बघती? चल, म्हातारीला पानी पाहिजे का इच्यार."

निघायच्या आधी आई आणि मी बायकांच्या कुंडात उतरलो. आईनं या पाण्यात तेव्हा अंघोळ केलीच नव्हती. मेंढरांमागं वेळ कुठला, ती म्हणाली. आता ती मानेपर्यंत बुडून बसली आणि तळातून येणारे बुडबुडे तळहातावर झेलायला लागली.

"हे खाली कोन तापवतंय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. पावसाचं पाणी जमिनीच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथले खडक गरम असतात, तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेनं वर येतं.

आईनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे हे पाऊस पडलेलं पानी हाय?"

"हो."

"कोणत्या सालच्या पावसाचं?"

मला माहीत नव्हतं. वर्षं लागत असतील, शेकडो वर्षंही लागत असतील. दहा वर्षं पाणी तपासतेय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"शोधून सांग," आई म्हणाली आणि डोळे मिटले.

भिंतीपलीकडून अण्णांचा आवाज आला, "निघायचं का? घाट चढायचाय!"

"थांबा जरा," आईनं ओरडून सांगितलं. ते थांबले. आम्ही चांगला तासभर पाण्यात होतो.