खिडकीवरची लसणाची जुडी

धाड गावातले आमचे शेजारी काका आखातात एका फिलिपिनो स्वयंपाक्यासोबत राहून आले. येताना त्याच्या देशातली हडळही गोष्टीतून घेऊन आले. ती कमरेखालचं अंग घरी ठेवून उडते, गरोदर बायका शोधते आणि लसणाला घाबरते.

"आपला मुंजा पहा, पुऱ्या अंगानं पिंपळावर बसते!" काका छाती फुगवून सांगतात.

परवा त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली. खिडकीवर रिवाजाप्रमाणे निंबाची डहाळी होती आणि लसणाची जुडीही.

"हे काऊन, काका?"

"निंबाले आपले भुतं भेतात. त्या बाईले निंब काय माहीत? पोरीचा मामला आहे बाप्पा."

अभिमान मात्र शाबूत होता. डहाळी त्यांनी जुडीपेक्षा वीतभर उंच बांधली होती.